छपरातली करंगळी

३ मार्च

आप्पा,

नमस्कार. चार वर्षांनी सुनेचं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागणं असणार, असं तुम्ही पाकीट फोडतानाच म्हणाला असाल. मागणं आहेच. पण सल्ल्याचं आहे, आणि सल्ला द्यायला तुम्हाला कधी जड गेलेलं नाही. फोन केला असता, पण ग्राइंडरनं तुमचे कान नेल्यापासून तुम्ही फोनवर नुसतं 'हो हो' म्हणता आणि ठेवून देता.

वरच्या खोलीविषयी लिहिते आहे. ह्यांनी फायबरचं छप्पर घातलेली. हे गेल्यापासून मी तिथे शिवणाच्या कापडांचे गठ्ठे ठेवत होते. आता तुमची नात नऊ वर्षांची झाली आणि तिला 'स्वतःची खोली' हवी झाली. नाव ठेवलंत भिंगरी, आणि ती तशीच निघाली. तिनं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा मी गठ्ठे खाली आणले आणि वर तिची खाट टाकली. छप्पर जिथे उतरतं त्या कोपऱ्यात टाकली, कारण बाकी सगळीकडे उजेड फार. खाटेवर उठून बसलं की डोक्याला छप्पर लागतं, इतकं ते तिथे खाली आहे.

खाटेच्या वरच तिथे एक पांढरा डाग पडलाय. बाकी छप्पर अजून पातळ चहासारखं आहे, ऊन त्यातून गाळून येतं. डागाच्या जागी मात्र ते पिठासारखं दिसतं. आणि पोरीच्या अंगाला रोज खाज. मानेवर, हाताच्या आतल्या बाजूला. चादरी उकळून झाल्या, साबण बदलून झाला. हे कामावरून आले की ह्यांना अशीच खाज सुटायची, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं.

तब्येत कशी आहे? अजून होड्यांना ठिगळं लावता, की आता नुसती दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवता?

तुमची
सूनबाई

---

११ मार्च

सूनबाई,

दोन्ही करतो. ठिगळं सकाळी, नावं संध्याकाळी.

पोरीच्या खाजेचं आधी. ती काचेची कुसळं आहेत. फायबर म्हणजे काय, काचेच्या धाग्यांची मॅट, आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. वरचं रेझिन उन्हानं झिजलं की धागे उघडे पडतात आणि भुरभुरतात. चिकटपट्टी अंगावर लाव आणि ओढून काढ, मग गार पाण्यानं धू. गरम पाणी घेऊ नकोस, त्यानं कुसळ आत जातं. आणि चोळू नकोस. खाट आजच्या आज तिथून हलव.

आता डागाचं. छप्पर घातल्यावर वरून रेझिनचा एक शेवटचा थर द्यायचा असतो, उन्हाला खायला काहीतरी म्हणून. त्या कोपऱ्यात तो दिलेला दिसत नाही. कोपरा तसाच सोडून उठणं म्हणजे शुद्ध आळस, आणि हे मी त्याला शिकवलं नव्हतं. असो. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

उपाय सोपा. वर चढून ती जागा कागदानं घासायची, पुसायची, आणि ब्रशनं रेझिन लावायचं. मॅट कोरडी असते तेव्हा पांढरी दिसते. रेझिन प्यायली की काच दिसेनाशी होते, तुझा डाग डोळ्यांदेखत नाहीसा होईल. रेझिनमध्ये हार्डनर घालावा लागतो, त्याशिवाय ते जन्मभर चिकट राहतं. डब्याबरोबर माप येतं तेवढाच घाल. आणि एक ध्यानात ठेव, हार्डनर एकानंच घालायचा. शेजारी कुणी मदतीला आलं तरी त्याला बाटलीला हात लावू देऊ नकोस.

त्या छपराविषयी मला याहून जास्त माहिती नाही. मी फक्त साचा, म्हणजे ज्यावर मॅट अंथरतात तो, बसवून परत आलो होतो. छपराला माझा हात लागलेला नाही.

आप्पा

---

२४ मार्च

आप्पा,

चिकटपट्टीनं खाज गेली. भिंगरी म्हणते, आजोबांना डॉक्टर करा. पण खाट हलवू देत नाही. मी वर, छपराच्या आतून, जुन्या साडीचं कापड ताणून बसवलंय, कुसळं त्यात अडकतात. कापड पातळ आहे, पलीकडचं दिसतं.

आता दोन गोष्टी लिहायच्या आहेत. पहिली रागाची, ती आधी लिहून टाकते.

ह्यांना आळशी म्हणू नका. छप्पर घातलं त्या हंगामात ह्यांचा उजवा खांदा धरला होता. रेझिनचा पिंप उचलताना भरला म्हणाले. मी तेव्हा भिंगरीला घेऊन माहेरी होते, तीन वर्षांच्या पोरीला तो वास नको म्हणून. परत आले तर हात खांद्यापर्यंतसुद्धा वर जात नव्हता. मी ह्यांचे तीन सदरे पुढून उघडे करून दिले, डोक्यातून घालता येईनात म्हणून. रात्री कुशीवर वळताना दातांवर दात दाबायचे. अशा माणसानं बाकी सगळ्या छपराला डाव्या हातानं शेवटचा थर दिला आणि तेवढा एक कोपरा राहिला. उतरणीच्या कडेला, जिथे एका हातानं तोल सांभाळत दुसऱ्यानं ब्रश मारावा लागतो.

दुसरी गोष्ट मी पहिल्या पत्रात चोरून ठेवली होती. तो डाग नाही, हात आहे.

तळवा आणि पाच बोटं, बोटं छपराच्या चढाकडे. कुणीतरी वरून छपरावर हात टेकवला असावा, तसा. मी पोरीला विचारलं नाही, तिनंच सांगितलं. सकाळी ऊन त्या बाजूनं आलं की त्याची पुसट सावली अंथरुणावर पडते. आधी उशीवर, मग तिच्या गालावर, मग खांद्यावरून खाली सरकत जाते, आणि ऊन चढलं की विरते. ती रोज त्या सावलीची वाट बघत पडून राहते. मी परवा तिच्या जागी झोपून बघितलं. सावली गालावर आली, आणि ती विरेपर्यंत मी उठले नाही.

म्हणून अजून रेझिन आणलेलं नाही. एक गोष्ट मात्र खुपते. तो तळवा रुंद आहे. ह्यांचा हात एवढा रुंद होता का, ते मला आठवेना. चारच वर्षं झाली, आप्पा. मी विसरायला लागले की काय, याचीच मला जास्त भीती वाटते.

सूनबाई

---

५ एप्रिल

सूनबाई,

कोपऱ्याबद्दल बोललो ते मागे घेतो.

हाताबिताचं मनावर घेऊ नकोस. रोलर फिरवताना हवेचे बुडबुडे राहतात, ते जिथे राहतात तिथे ऊन आधी खातं. ढगात हत्ती दिसतो तसं तुम्हा दोघींना त्यात दिसतंय. रेझिन आण आणि लावून टाक. पुढे वाऱ्याचे दिवस आहेत. उघडी पडलेली मॅट पाणी पिते, आणि एकदा आत पाणी गेलं की थर सुटत जातात, मग छप्पर बदलण्याशिवाय उपाय नाही.

तरी विचारतो. हात उजवा की डावा? अंगठा कुठल्या बाजूला? कडेपासून किती आत आहे? आणि त्याचा खांदा भरला तो नक्की कधी, छप्पर घालायच्या आधी की नंतर? तू माहेराहून आलीस तेव्हा किती दिवस होऊन गेले असं म्हणाला?

कामासाठीच विचारतोय, दुसरं काही नाही.

आप्पा

---

२० एप्रिल

आप्पा,

'कामासाठीच विचारतोय' असं तुम्ही लिहिलंत आणि खाली खोडून पुन्हा तेच लिहिलंत. मी शिंपीण आहे, उसवून पुन्हा मारलेली शिवण मला कळते.

हात उजवा. कडेपासून माझ्या हाताएवढा आत. खांदा कधी भरला ते त्यांनी नीट सांगितलंच नाही. मी आले तेव्हा काळंनिळं पिवळं पडायला लागलं होतं, एवढं मी बघितलं.

आता हे वाचा आणि मग बुडबुड्यांचं काय ते सांगा. बोटं वाढली आहेत.

गेले पंधरा दिवस कडक ऊन होतं. आधी तळव्याच्या खाली, मनगटाच्या जागी, एक आडवी पांढरी रेघ आली. मला वाटलं चीर आहे. मग तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, मग एक आखूड चौथी. त्या रेघा नाहीत, बोटं आहेत. पाच उभी, चार आडवी. मी शेजारणीला दाखवायला वर आणलं. ती दारातूनच परत फिरली, आता भिंगरीशी खेळायला तिची पोरगी येत नाही. तिच्या नवऱ्यानं एका पत्रेवाल्याला पाठवून दिलं. तो म्हणाला, सगळं काढा आणि लोखंडी पत्रा टाका. मी त्याला महिनाअखेरीला ये म्हटलंय, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

भिंगरीला भीती वाटत नाही. ती म्हणते, "एकानं दुसऱ्याला धरलंय, त्यात घाबरायचं काय?"

मी काल साडीचं कापड सोडलं आणि खाटेवर उताणी पडून नीट बघितलं. तुम्हाला आठवतं का, मी ह्यांना रेझिनच्या कामासाठी सुती हातमोजे शिवून द्यायची. त्याचा बेतलेला कागद माझ्या खणात होता. तो मी तळव्यावर धरला. तळवा सगळीकडून बाहेर राहिला. म्हणजे मी विसरले नव्हते, आप्पा. तो हात ह्यांचा नाहीच.

मग मी खालच्या आडव्या बोटांकडे बघितलं. चौथं बोट शेवटच्या पेरात आत वळलेलं आहे. ती करंगळी मी ओळखते. लहानपणी तुमच्याच वर्कशॉपच्या दारात चेपली होती ना? मोज्याची ती करंगळी मला दर वेळी वेगळी बेतावी लागायची.

म्हणजे आडवा हात ह्यांचा. मग उभा कुणाचा? इतका रुंद तळवा मी आयुष्यात एकाच माणसाचा बघितलाय. माझ्या लग्नात त्यानं डोक्यावर ठेवला होता, तर माझं कपाळ झाकलं होतं.

हे मला म्हणाले, आप्पा साचा बसवून गेले, छपराला हात लावला नाही. तुम्हीही तेच लिहिलंत, जवळजवळ त्याच शब्दांत. तुम्ही त्या छपरावर होता का?

सूनबाई

---

२९ एप्रिल

सूनबाई,

होतो.

हे पत्र मी दोन दिवस लिहितोय. हाताखालच्या माणसांना वाटतंय मालक हिशेबाला बसलेत.

त्या सकाळी गारठा होता. गारठ्यात रेझिन लवकर धरत नाही, म्हणून हार्डनर थोडा जास्त लागतो. तो मापानं घालायचा. मी आयुष्यभर नाकानं घालत आलो. त्यावरून आमचं आल्या दिवसापासून जुंपलेलं होतं. तो म्हणायचा, आप्पा, तुमच्या नाकाला वयाप्रमाणे सूट द्यायला हवी. मी म्हणायचो, तुझं माप माझ्या नाकावरूनच बनलंय. असं चेष्टेचं होतं, पण चेष्टेला हळूहळू धार चढत गेली होती. मुलगा आपल्याहून चांगलं काम करतो हे बापाला सगळ्यात आधी कळतं, आणि पचतं सगळ्यात शेवटी.

त्यानं बादली कालवली आणि मॅट कापायला वळला. मला वाटलं, हार्डनर अजून पडायचाय. मी घातला. तो त्यानं आधीच घातलेला होता. एका बादलीत दोघांचा.

असं रेझिन तापत जातं. बघता बघता बादलीतून धूर यायला लागला. तो ओरडला, मीही ओरडलो. खाली ओली मॅट पसरलेली, बादली तिथे पेटली असती तर सगळं छप्पर गेलं असतं. मी बादली उचलून कडेवरून खाली फेकली आणि त्या झोक्यात माझा पाय ओल्या रेझिनवरून सटकला. पोटावर पडलो आणि उतरणीनं खाली निघालो. हात टेकवला. तो धावत आला आणि त्यानं माझं मनगट पकडलं. तोपर्यंतही आमची तोंडं चालूच होती, काय बोललो ते लिहीत नाही.

मग हात सुटला. मी खालच्या परांचीच्या फळीवर आदळलो. पुरुषभर उंचीसुद्धा नव्हती, मुका मार बसला. पण मी वर बघितलं तेव्हा तो कडेवर ओणवा होता आणि त्याचं तोंड हलत होतं. माझे कान तेव्हाच गेले होते. मी ते शब्द माझ्या मनानं भरले. त्यानं हात झटकला, आणि वर 'जा' म्हणाला, असं मी ठरवलं आणि दुपारच्या बसनं निघून आलो.

नंतर त्यानं दोनदा निरोप धाडला. मी उत्तर दिलं नाही. तो गेला त्या दिवशी मी आलो होतो ते तू बघितलंस, पण मी गल्लीतून आत आलो नाही, कारण वर बघितलं तर ते छप्पर दिसत होतं. सहा वर्षं मी एकच गोष्ट घोळवत बसलोय, की माझ्या मुलानं मला सोडलं.

आता माझं ऐक. हे मी बाप म्हणून विचारत नाही, कारागीर म्हणून विचारतोय. ओल्या फायबरवर जे दाबलं जातं तेच उमटतं, बाकी काही उमटत नाही; दाबल्या जागचं रेझिन पिळून जातं, म्हणून ऊन तिथे आधी खातं. वरून हात झटकला तर त्याची बोटं खाली उमटायचं कारण नाही. ती चार बोटं माझ्या मनगटाच्या शेजारी आहेत की मनगटाच्या खाली, म्हणजे मनगट आणि छपराच्या मध्ये? आणि तिथून कडेपर्यंत काय आहे? मोकळं आहे, की काही आहे? तुला कळणार नाही कदाचित. मला बघितल्याशिवाय चैन पडणार नाही.

रेझिन लावू नकोस. पत्रेवाल्याला हाकलून दे. मी येतोय. एका होडीचं काम अंगावर आहे, ते उरकलं की निघतो. तोपर्यंत त्या कोपऱ्याला कुणी हात लावू नका.

आप्पा

---

१ मे

आप्पा,

तुमचं उत्तर आलं नाही. मी रागावले नाही, पण समजायचं ते समजले. विचारायला नको होतं.

परवा दुपारी वारा सुटला आणि त्यामागून पाऊस आला, अवेळी आणि आडवा. मी मशीनवर होते. वरून भिंगरीनं हाक मारली. जाऊन बघते तर पाणी नेमकं तळव्यातून येत होतं. पाचही बोटांच्या टोकांवरून एकेक थेंब सुटत होता, तिच्या उशीवर. ती खाटेच्या कडेला बसून बघत होती. म्हणाली, "आई, ते रडत नाहीत ना?"

तेव्हा ठरवलं, हे आता बास. मेलेल्यांसाठी मी खूप केलं, आता जी अंथरुणात झोपते तिच्यासाठी करते. काल कडकडीत ऊन पडलं. छप्पर दुपारपर्यंत वाळू दिलं. रेझिन आणलं, तुम्ही सांगितलं तसं मापानं हार्डनर घातला, मी एकटीनं. भिंगरीला बाटलीच्या आसपास फिरकू दिलं नाही. शिडी लावून वर चढले, घासलं, पुसलं.

तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. ब्रश फिरला की पांढरं जायचं, खाली काच राहायची नाही, नुसता चहाचा रंग. आधी रुंद तळवा गेला. मग त्याची बोटं गेली. आडव्या बोटांपाशी माझा ब्रश अडखळत होता, कापडाच्या चुण्यांवरून इस्त्री जाते तसा. करंगळी मी शेवटी ठेवली. डब्यातलं रेझिन घट्ट व्हायला लागलं, थांबून चालणार नव्हतं. तीही गेली.

खाली आले तेव्हा भिंगरी आतून वर बघत होती. पत्रेवाल्याला नको म्हणून कळवलंय. छप्पर आता गळत नाही. हा उपाय तुमचाच, म्हणून कळवलं.

सूनबाई

---

८ मे

सूनबाई,

आपली पत्रं वाटेत चुकली. माझं तुला एव्हाना मिळालं असेल.

तू केलंस ते योग्य केलंस. छप्पर पाणी अडवायला असतं. पोरीच्या उशीवर पाणी पडत असताना म्हाताऱ्याच्या शंकेसाठी कोपरा उघडा ठेवणारी सून मला नको होती. मी लिहिलं ते फाडून टाक.

आता यायचं काही कारण राहिलं नाही. होडीचं कामही लांबलंय. भिंगरीला सांग, आजोबांनी विचारलंय, खाज पुन्हा सुटली तर गार पाणी.

आप्पा

---

१६ मे

आप्पा,

फाडलं नाही. तुमचं ते पत्र मी रेझिन लावल्यावर तीन दिवसांनी आलं. वाचून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले. तुम्ही सहा वर्षं जे शोधत होता ते मी माझ्याच हातानं पुसलं, असं वाटत राहिलं. दोन दिवस मशीन बंद होतं. मग ब्रश अडखळला होता ते आठवलं.

रंग जातो, आप्पा. खळगे कुठे जातात? तुम्ही एवढे कारागीर, तुमच्या कसं लक्षात आलं नाही? एका पातळ थरानं खळगे भरत नाहीत.

मी पुन्हा वर गेले. डोळे मिटले आणि बोटं फिरवली. आंधळ्या शिवणीवरून आम्ही अशीच फिरवतो, कुठे टाका सुटलाय ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. तुमचा तळवा उथळ आहे, पसरट, कडा स्वच्छ. हात तिथे थांबला होता, निसटता असता तर घासला असता. मनगटाची जागा त्याहून उथळ. आणि तिच्यात चार खोल खाचा आहेत. शेजारी नाहीत, तुमच्या मनगटाच्या खाली आहेत, या बाजूनं सुरू होऊन त्या बाजूला निघतात. तुमचं सगळं वजन ह्यांच्या बोटांवर होतं आणि बोटं छपरात रुतली होती.

तिथून कडेपर्यंत काय आहे, असं विचारलं होतंत. मोकळं नाही. त्या खाचांतून चार रेघा निघाल्या आहेत, खाली, थेट कडेपर्यंत. आतून त्या पांढऱ्या कधी दिसल्याच नाहीत, कारण कडेला लाकडी पट्टी आहे. चौथी रेघ वाकडी जाते. कडेवर चारही रेघा खोल होतात, आणि तिथे छप्परच संपतं.

ह्यांनी झटकला नाही. ह्यांनी तुम्हाला कडेपर्यंत सोडलं नाही, स्वतः ओढले गेले तरी.

अजून एक आहे. तुमचं पत्र वाचल्यावर मला आठवलं. आमच्याकडे रेझिनचा पिंप कधी आलाच नव्हता. छपराचं सगळं रेझिन डब्यांतून आलं, पाच-पाच लिटरच्या. ते रिकामे डबे अजून माझ्याकडे आहेत, बटणं ठेवते त्यांत. सहा वर्षं मी त्या डब्यांतून बटणं काढते आहे आणि पिंपाची गोष्ट खरी धरून चालले आहे.

मला वाटतं, खरं सांगितलं असतं तर मी तुमच्यावर चिडले असते. दोन हार्डनर घालून माझ्या माणसाचा खांदा घालवला म्हणून. ते ह्यांना नको होतं. म्हणून तुम्ही छपरावर नव्हताच, असं सांगितलं.

ह्यांचं तोंड हलत होतं म्हणता, त्याचं मी काही सांगू शकत नाही. ते काही छपरात उमटलेलं नाही.

सकाळी आता अंथरुणावर काही पडत नाही. पण भिंगरी अजून त्या वेळेला भिंतीकडे सरकते आणि खाटेची अर्धी बाजू मोकळी सोडते. मी काल विचारलं, कुणासाठी गं? तर म्हणाली, "त्यांना माहीत नाही ना, की तू पुसलंस. ते येतातच."

तुम्ही या, आणि स्वतःच्या हातानं बघा.

सूनबाई

---

२३ मे

सूनबाई,

तुझं पत्र मी वर्कशॉपमध्येच वाचलं. माणसांना सुट्टी देऊन टाकली, दार लावून घेतलं.

साच्यातून काढलेला माल मी चाळीस वर्षं हातानं तपासत आलो, आणि खळगे राहतात हे मला तुझ्याकडून कळावं. त्याला हसू आलं असतं. तुला सांगू का, मी ते विसरलो नव्हतो. खळगे राहिले असणार हे मला तुझ्या मागच्या पत्रावरूनच कळलं होतं, तू चुण्यांचं लिहिलंस तिथेच. मी 'येत नाही' असं लिहिलं, कारण हात फिरवला आणि मनगटाखाली काही लागलं नाही तर मी काय करणार होतो? न बघता निदान अर्धी आशा तरी राहिली असती. तू माझ्यासाठी बघून आलीस.

खांदा माझ्या वजनानं गेला. त्या खांद्यानं त्याचा कोपरा राहिला, आणि त्या कोपऱ्याला मी आळस म्हणालो.

शनिवारच्या बसनं निघतो. शिडी तू धर, मला आता एकट्याला जमत नाही. रेझिन आणू नकोस, मी आणतो. तो कोपरा एका थरावर राहणार नाही, अजून एक लागेल, पण आधी मला तिथे थोडा वेळ पडून राहू दे. माझा हात आहे त्या जागी ठेवून.

हार्डनर तूच घाल, मापानं. मी बाटलीला हात लावणार नाही.

आणि भिंगरीला सांग, खाटेची ती बाजू तशीच मोकळी ठेव. आजोबा खाली सतरंजीवर झोपतील.

आप्पा